सांगाडा लाकडाचा, कायदा लोखंडाचा

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या मोटारींना पहिल्यांदा स्वतंत्र ओळख दिली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी आता ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, पुनर्नोंदणीला पाच हजार, आणि नोंदणी दहा वर्षे चालते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिची चाके फिरायची. इथवर कुणाची तक्रार नसावी. पण ‘मूळ रूप’ कशाला म्हणायचे हे सांगताना नियम चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत फेरफार झालेला नको, असे म्हणतो. पत्र्याच्या ॲम्बॅसडरला किंवा फियाटला हा निकष चपखल बसतो. लाकडी सांगाड्यावर पत्रा चढवलेल्या १९२० च्या दशकातल्या मोटारीला तो लावायला गेले की पंचाईत होते. तिचे लाकूड बदलले नाही तर गाडी टिकत नाही, आणि बदलले तर ती मूळ राहिली का, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचा आढावा मुंबईच्या रॅलीतून किंवा कोल्हापूरच्या दसऱ्यात निघणाऱ्या मेबॅकवरून घेणे सोपे होते. पण राजेरजवाड्यांच्या गाड्यांकडे पाहिले की चकाकी दिसते, सुतार दिसत नाही. म्हणून बीड जिल्हा.

बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीला ती पूर्वीपासून होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणाचे सगळे दळणवळण तोवर रस्त्यावरच चालले: बैलगाडी, मग सर्व्हिस मोटार, मग एसटी आणि ट्रक. हैदराबाद संस्थानात जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने रस्ते वाहतुकीचा विभाग काढला तो २७ बसगाड्यांवर. पलीकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिचे अंग लाकडी होते आणि बाकांना काथ्या भरलेला होता. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला, आणि साधारण त्याच सुमारास एसटीने लाकूड सोडून धातूच्या बॉड्या धरल्या. पुढे कोकणपट्टीत पत्रा गंजतो म्हणून ॲल्युमिनियम आले. म्हणजे लाकडी सांगाड्याचे वाहन ही बीडच्या माणसाला परदेशी चीज कधीच नव्हती. परदेशी होती ती सहाव्या निजामाने बार्कर कंपनीकडून बांधून मागवलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट रोल्स-रॉइस, जिच्यात बसण्याआधीच, १९११ मध्ये, तो वारला. तिच्याही चमकत्या अंगामागे बग्गी बांधणाऱ्यांचीच कारागिरी होती, ही गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही.

आणखी एक दुवा आहे, तो जास्त महत्त्वाचा. मोटारीचा कारखाना चासी करतो आणि तिच्यावरचे अंग दुसराच कुणी बांधतो, ही पद्धत युरोप-अमेरिकेत तिशीनंतर मावळत गेली. आपल्याकडे ट्रक-बसच्या धंद्यात ती चालू राहिली. फोर्डची भारतातली कंपनी १९२६ ची, जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. दोन्ही ठिकाणी आयात सुटे भाग जोडले जात. व्यापारी गाड्यांचे अंग बहुधा इथलाच सुतार-लोहार बांधी. दोन्ही कंपन्यांनी पन्नाशीच्या मध्यात गाशा गुंडाळला, पण ‘चासी घेतली, आता बॉडी बांधायला टाकली’ हे वाक्य ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून आहे. १९२० साली लंडनचे श्रीमंत गिऱ्हाईक जे करत होते तेच मराठवाड्यातला ट्रकमालक पुढे कितीतरी वर्षे करत आला: नुसता सांगाडा विकत घ्यायचा आणि आपल्या पसंतीच्या कारागिराकडून त्यावर घर बांधून घ्यायचे. माझा मुद्दा इथून सुरू होतो. लाकडी मोटारीत ‘मूळ’ असते ती बांधण्याची रीत: मोजमाप, सांध्यांची जात, लाकडाची निवड, पत्रा चढवण्याचा क्रम. लाकडाचा प्रत्येक तुकडा मूळ असण्याचा हट्ट तिच्यावर लादता येत नाही, कारण तिला घडवणाऱ्यांनीच ते लाकूड बदलण्याजोगे ठेवले होते.

हे कसे, ते जरा जवळून पाहू. जुनी चासी म्हणजे शिडीसारखी जोडलेली दोन लांब पोलादी तुळयांची चौकट. खड्ड्यात एक चाक गेले की ती पिळवटते. तिच्यावर नमदा किंवा कातड्याच्या चकत्या घालून दोन जाड लाकडी कड्या बोल्टने आवळायच्या. त्या कड्यांत खाच पाडून दाराचे खांब कुसवाने बसवायचे. वरच्या आडव्या पट्ट्या आणि वळणदार कमानी दोन्ही लाकडे अर्धी-अर्धी उतरवून एकमेकांत मिळवायच्या, मग सरस आणि स्क्रू. शेवटी पत्रा कडेने दुमडून बारीक चुकांनी लाकडाला मारायचा. चासी पिळली की लाकूडही थोडे पिळते आणि परत येते. इंग्रज बांधणाऱ्यांनी यासाठी ॲशचे लाकूड निवडले, कारण ते चिवट, वाफेवर वाकणारे आणि धक्का खाणारे असते. वेमान नावाच्या फ्रेंच पद्धतीत तर १९२० च्या दशकात लाकडाला लाकूड टेकूच द्यायचे नाही, मधे धातूची पट्टी ठेवायची आणि वरून पत्र्याऐवजी कापड ताणायचे, अशी युक्ती काढली. हालचाल होणारच, मग ती कुरकुर न करता होऊ दे, असा तो हिशेब होता. १९१४ मध्ये डॉज बंधूंसाठी एडवर्ड बड याने पूर्ण पोलादी अंगे ठोकायला सुरुवात केली आणि लाकडाचे दिवस भरले. तरी जनरल मोटर्सची फिशर बॉडी कंपनी तिशीच्या मध्यापर्यंत लाकडाला धरून होती, आणि इंग्लंडची मॉर्गन कंपनी तर आजही ॲशच्या चौकटी करते.

ॲशचा दोष असा की ओल लागली की ते कुजते. दारामागच्या खांबाचा पाया, मडगार्डला लागलेली कडी, मागच्या टपाचा तळ, या जागा आधी जातात. पाणी पत्र्याच्या दुमडीत साचते, स्क्रूला गंज चढतो, गंजाभोवतीचे लाकूड काळे पडून भुसभुशीत होते, आणि मग सांधा नुसता रंगाच्या आधारावर उभा राहतो. मराठवाड्यात पाऊस कमी, म्हणून इथे गाडी बरी राहील असे वाटते. पत्र्याच्या बाबतीत ते खरे आहे. लाकडाचे दुखणे वेगळे: एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते आटते, श्रावणात फुगते, आणि दरवर्षीच्या या आटण्या-फुगण्याने सांधे मोकळे होतात. बैलगाडीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात चाकाची लोखंडी धाव सैल होऊन वाजू लागली की चाक पाण्यात घालून ठेवायचे, ही त्याची रीतच होती. नवी धाव बसवताना ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते, आरे तुंब्यात घट्ट बसतात. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची चाकेही लाकडी आऱ्यांचीच होती. तारांची चाके कारखान्याकडून मिळू लागली ती १९२६ च्या सुमारास, म्हणजे गाडीच्या आयुष्याच्या अगदी शेवटी. अशी गाडी मराठवाड्यात फिरवायची तर सर्वांत आधी हात लावून पाहायचा तो या आऱ्यांना. आरा हलला, टकटक वाजला, तर बाकीचा जीर्णोद्धार कितीही देखणा असो, गाडी जागेवरून हलवू नये.

आता स्पीडस्टरकडे येऊ, कारण मूळपणाचा वाद सर्वांत तीव्र होतो तो इथे. स्पीडस्टर म्हणजे अंगावरचे जवळपास सगळे उतरवलेली मोटार: दार नाही, टप नाही, दोन बुटकी आसने, मागे पिंपासारखी पेट्रोलची टाकी, पुढे फार तर एक गोल काच. काहींना होडीच्या टोकासारखी निमुळती शेपटी असते, आणि त्या शेपटीच्या बरगड्या लाकडाच्या. मर्सर रेसअबाउट (१९११) किंवा स्टुट्झ बेअरकॅट (१९१२) या कारखान्यातूनच तशा निघाल्या. पण स्पीडस्टरचे खरे पीक आले ते मॉडेल टीवर. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी झाल्या; जुनी चासी कवडीमोलाने मिळे. तिच्यावर चढवण्यासाठी लहान कंपन्या तयार अंगे विकत, शेव्हरोले बंधूंसारखे लोक इंजिनाची जास्त दमदार डोकी विकत, आणि ज्याला हेही परवडत नसे तो घरामागच्या छपरात फळ्या जोडून आपली गाडी आपण करी. दुसऱ्या टोकाला आंद्रे द्युबॉने याने १९२४ च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीसाठी विमाने बांधणाऱ्या कारखान्याकडून हिस्पानो-सुइझाच्या चासीवर पातळ लाकडी पट्ट्या हजारो रिव्हेटांनी जोडून अंग करून घेतले. ती गाडी २०२२ मध्ये नव्वद लाख डॉलरच्या वर विकली गेली. छपरातली फळी आणि ही राजेशाही पट्टी, दोन्हींची जात एकच: कारखान्याच्या चासीवर नंतर चढवलेले अंग. मग मॉडेल टीच्या स्पीडस्टरचे ‘मूळ रूप’ कोणते? ती गाडी जन्मतःच फेरफार केलेली आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हा युक्तिवाद बनावटगिरीला दार उघडतो: आज कुणीही सांगाडा ठोकेल आणि शंभर वर्षांची गाडी म्हणून विकेल. भीती रास्त आहे. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आज १९२० च्या रीतीने स्पीडस्टर बांधणे यात खोटे काही नाही. तो १९२० चा आहे असे सांगणे खोटे. मर्सरच्या चासीवर नवे अंग चढवून तिला कारखान्याची रेसअबाउट म्हणून विकले तर ती सरळ फसवणूक आहे, कारण तिथे ताडून पाहायला कारखान्याचा नमुना अस्तित्वात आहे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा म्हणूनच जशीच्या तशी राहिलेली, तिच्या काळातच बदललेली आणि पुढे घडवलेली प्रतिकृती असे वेगवेगळे वर्ग मानते. तिच्या ट्युरिन सनदेत तर नव्याने घातलेला भाग ओळखू येईल अशी खूण त्यावर करावी, असे सांगितले आहे. आपल्या नियमात मात्र हो किंवा नाही, एवढीच दोन उत्तरे आहेत. त्यातून उलटाच परिणाम संभवतो. कुणी पत्र्याच्या आतले कुजलेले लाकूड काढून चौकोनी लोखंडी पाईप वेल्ड केले आणि वरून जुना पत्रा पुन्हा चढवला, तर बाहेरून गाडी तशीच दिसते; तपासणाऱ्याला शंका येणार नाही. ज्याने प्रामाणिकपणे फरमे काढून तशाच सांध्यांचे नवे लाकूड घातले आणि कागदावर तसे लिहून दिले, तोच ‘फेरफार’ केल्याच्या आरोपाला पात्र. वेल्ड केलेली चौकट ताठ असते, चासीबरोबर पिळत नाही; काही वर्षांत तिचे सांधे किंवा वरचा पत्रा तडकतो. गाडीचे नुकसान करणारा सुटतो आणि तिला जगवणारा अडकतो.

मूळ लाकूड गेले की गाडीचा आत्मा गेला, असे मानणारेही आहेत. त्यांना परळीचे उदाहरण द्यावे. वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला हे सर्वांना ठाऊक आहे, पण म्हणून ते ज्योतिर्लिंग नवे झाले असे कुणी म्हणत नाही. तरीही या मंडळींच्या म्हणण्यातला एक भाग मी पूर्ण मान्य करतो. ज्या गाडीचे जुने लाकूड, जुने कातडे, जुना रंग शाबूत आहे तिला हात लावू नये, आणि स्पीडस्टरच्या हौसेपायी चांगली चार आसनी टूरिंग गाडी तर मुळीच कापू नये. जगभर मॉडेल टीची कितीतरी धडधाकट अंगे याच हौसेने भंगारात गेली. स्पीडस्टर करायचा तर तो ज्या चासीचे अंग आधीच नाहीसे झाले आहे तिच्यावरच.

सुरक्षेचा आक्षेप त्या मानाने लवकर निकालात निघतो. मॉडेल टीचे इंजिन २० अश्वशक्तीचे, वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात, पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत आणि पायाचा ब्रेक चाकांऐवजी गिअरच्या डब्यात लागतो. अशा गाडीत धोका असलाच तर ब्रेकचा आणि आऱ्यांचा आहे, लाकडी खांबाचा नंतर. शिवाय नियमाने तिला रोजच्या रहदारीतून आधीच बाहेर काढले आहे. कायद्याचा खरा अडथळा दुसरीकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तोच अर्थ ठामपणे लावला. आजच्या गाड्यांसाठी ते योग्यच. पण ज्या उत्पादकाने नुसती चासी विकली आणि अंगाचा तपशील ठरवलाच नाही, त्याच्या गाडीला हे कलम कसे लावायचे, याचे उत्तर कुणीतरी लिहून ठेवायला हवे.

लाकूड कुठले वापरायचे, या प्रश्नावर हौशी लोकांत फार भांडणे होतात. ॲश आपल्याकडे सहजी मिळत नाही. सागवान ओलीला, वाळवीला दाद देत नाही आणि आकार धरून राहते. पण ते तेलकट असल्याने सांध्याची जागा पुसून घेतल्याशिवाय चिकटत नाही, हत्याराची धार बोथट करते आणि धक्का सोसण्यात ॲशची बरोबरी करत नाही. बाभूळ बीडच्या बांधाबांधावरची. तुंब्याला, आऱ्याला, जुवाला पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरली गेली, कारण ती चिवट आणि कणखर आहे. तिला पाण्यात मुरवून सावकाश सुकवावे लागते, नाहीतर भुंगा लागतो. तिच्यात टॅनिन भरपूर, म्हणून साधा लोखंडी स्क्रू तिच्यात लवकर काळा पडतो. पितळी किंवा जस्ताचा थर दिलेला घ्यावा. वजनाने मात्र ती भारी पडते. माझे मत विचाराल तर तळाच्या कड्यांना आणि कमानींना सागवान, धक्का खाणाऱ्या खांबांना आणि चाकांना बाभूळ. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही. पण उष्ण देशांत सागवान वापरणे ही त्या काळच्या बांधणाऱ्यांचीच चाल होती. बीडमध्ये तुतीही भरपूर आहे, आणि तुतीचे लाकूड वाकवायला उत्तम, हॉकीच्या लाकडी काठ्या त्याच्या होतात. फक्त इथली तुती रेशमाच्या किड्यांसाठी छाटून झुडूप ठेवलेली, तिच्यातून मोटारीचा खांब निघायचा नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न माणसांचा आहे. गावगाड्यातला सुतार बलुत्यावर वर्षाचे धान्य घेऊन गाडी-अवजारे दुरुस्त करी. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबांकडे आज बैल असले तरी गाडी बहुधा कारखान्याची, लोखंडी, रबरी टायरची असते. तिला सुतार लागत नाही. ट्रकच्या बॉड्यांचे तेच झाले: लाकडी फळ्यांच्या जागी पोलाद आले, बॉडीसाठी शासकीय मानके आली, आणि तयार बॉडीसह ट्रक मिळू लागला. दोन्ही बदल चांगल्यासाठीच झाले. लाकडी चाकाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाचे हाल ज्याने पाहिले आहेत तो त्या दिवसांसाठी गळा काढणार नाही. पण वाकसाने लाकूड तासणारा, नजरेने आऱ्याचा कल ठरवणारा हात त्यामुळे संपत आला. जुन्या मोटारीचे इंजिन परदेशातून सुटे भाग मागवून जोडता येते. मॉडेल टीचे तर जवळपास सगळे भाग आजही नवे मिळतात. सुतार मागवता येत नाही. बीड एके काळी कातडी छागलींसाठी आणि गुप्त्यांसाठी नावाजलेले होते. स्पीडस्टरलाही लाकूड, लोखंड आणि कातडे याच तीन गोष्टी लागतात, इतके म्हणण्यापलीकडे मी हा योगायोग ताणणार नाही.

इथे सर्वांत टोचणारा आक्षेप येतो: दुष्काळ आणि स्थलांतराच्या जिल्ह्यात हौशी श्रीमंतांच्या गाड्यांचे कौतुक कशाला? या कामातून शेकड्यांनी रोजगार निघेल असे म्हणणे थाप ठरेल. निघेल तो मूठभर माणसांना, पण चांगल्या मोबदल्याचा, आणि गाव सोडायला न लावणारा, कारण अशा कामात गाडीच कारागिराकडे येते. अमेरिकेत कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजात जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराची चार वर्षांची पदवी आहे. ब्रिटनमध्ये लाकडी चाके करण्याचे काम धोक्यात आलेल्या हस्तकलांच्या यादीत घातले गेले आहे. आपल्या आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे आणि मोटारीच्या बॉडी दुरुस्तीचाही आहे. दोन्ही शिकणारी मुले एका टेबलाशी येत नाहीत, एवढीच अडचण. त्यांना शिकायला रोल्स-रॉइस लागत नाही. जुनी लाकडी बॉडीची एसटी, ट्रकची फळ्यांची हौदी, आऱ्यांची बैलगाडी यांवर तेच सांधे शिकता येतात. आणि स्पीडस्टर, ज्याला दार नाही की टप नाही, हा तर शिकाऊ सुतारासाठी मोटारीतला सर्वांत सोपा धडा आहे.

नियमात करायची दुरुस्तीही फार मोठी नाही. नोंदणीच्या अर्जात सांगाडा लाकडी की पोलादी, एवढा एक रकाना घालावा. लाकडी असल्यास तीच मोजमापे, तेच सांधे आणि लाकडाला लाकूडच वापरलेले असेल तर ती बदली ‘फेरफार’ धरू नये. बदललेल्या प्रत्येक तुकड्यावर साल कोरलेले असावे आणि काढलेल्या जुन्या लाकडाची छायाचित्रे व फरमे मालकाने जपून ठेवावीत. ज्या चासीवर अंग नव्हतेच तिच्यावरच्या स्पीडस्टरला ‘पुनर्बांधणी’ अशी वेगळी नोंद आणि तसे दाखवणारा वेगळा क्रमांक द्यावा, म्हणजे पुढे विकताना कुणाला तिचे वय चोरता येणार नाही. आणि तपासणीला जाणाऱ्या आरटीओ अधिकाऱ्याबरोबर एक जाणता सुतारही असावा, ज्याला दाराची फट पाहून आत लाकूड आहे की पाईप हे सांगता येईल.